मी शिट्टी का मारत होतो

मित्रांनो, बटण दाबल्यावर मी लगेच बोलत नाही. आधी थोडा वेळ नुसता घुमतो. माझ्यातले काही भाग आता वाळले आहेत, त्यामुळे विजेची घरघर मला पूर्वीसारखी गिळता येत नाही. तेवढी सोसून घ्या. मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका बुद्धविहाराचा जुना ॲम्प्लिफायर. माईकमधून येणारा आवाज मोठा करून स्पीकरच्या पेट्यांना द्यायचा, एवढेच आयुष्यभर केले. त्यात दमलो, पण मुलांना काही सांगायचे म्हटले की अजून बरे वाटते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कामगार बायकांनी कथिल वितळवून माझा एकेक भाग पट्टीवर जोडला. त्यातले मुख्य भाग म्हणजे ट्रान्झिस्टर. तीन पायांचा हा जीव आवाज ताणून मोठा करतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपल्या नळाला नर्मदेचे पाणी येते, ते डोळ्यांपुढे आणा. पाणी कितीही जोरात असो, तोटी एका बोटाने फिरते. बोट जरा पुढे-मागे केले की धार तशीच जाड-बारीक होते. धारेतला जोर बोटाचा नसतो, दुरून आलेल्या पाण्याचा असतो. बोट तिला फक्त आकार देते. ट्रान्झिस्टरच्या एका पायाशी माईकमधला अगदी दुबळा प्रवाह येतो, ते बोट. उरलेल्या दोन पायांमधून वाहते ती भिंतीतल्या प्लगाकडून आलेली दांडगी वीज, ती धार. बोलणाऱ्याच्या आवाजासारखी ती धार हलू लागली, की झाला आवाज मोठा.

एकाने भागत नाही म्हणून पहिला ट्रान्झिस्टर दुसऱ्याची तोटी फिरवतो, दुसरा तिसऱ्याची. शेवटी माझ्या पाठीवरची दांडगी जोडी येते. आवाजाची लाट वर जाते तेव्हा जोडीतला एक राबतो, खाली येते तेव्हा दुसरा. मोठ्या करवतीच्या दोन टोकांना दोन सुतार बसतात ना, तसे. राबणारा तापतोच. म्हणून माझ्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे पंख आहेत. त्यांना वारा लागला की माझा जीव थंड होतो.

विहारात मी आलो तेव्हा माझे फार कौतुक झाले. मंजुळाताईंनी स्वतः शिवलेली निळी खोळ मला मिळाली. मंजुळाताई म्हणजे नगरपालिकेच्या शाळेतल्या बाई. वडील महूच्या पलटणीत होते. त्यांच्याकडून आलेला खणखणीत आवाज ताईंना लाभला होता. दर पौर्णिमेला वंदना त्याच सांगत आणि सगळे त्यांच्यामागून म्हणत. त्यांच्यासमोर मला फारसे कष्टच नसत.

मग त्यांच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. बऱ्या झाल्या, पण आवाज गेला तो गेलाच; उरला तो सुकलेल्या पानासारखा. त्याच सुमारास कानही मंद झाले. वर्षभर त्या मागे बसून राहिल्या. यंदा वैशाख जवळ आला तसे त्यांनी ठरवले की बुद्धपौर्णिमेची वंदना आपण सांगायची. कमिटीची सेक्रेटरी मैत्री त्यांचीच विद्यार्थिनी. तिला बाईंना नाही म्हणवेना. ताईंचा भाचा सुगत बँकेतून सुटल्यावर माझी जोडणी करायला आला आणि रविवारी सकाळी सराव ठरला.

सुगतने आत्यावर फार माया केली. आवाज बारीक म्हणून माझे आवाजाचे बटण त्याने पार पुढे नेले. आत्याला स्वतःचे शब्द ऐकू यावेत म्हणून एक पेटी सभागृहाकडून उचलून थेट तिच्या तोंडासमोर ठेवली. ताईंनी माईकजवळ तोंड नेले आणि मी किंचाळलो. किंचाळलो म्हणजे कसा, कानात तार घालावी तसा. ताईंनी घाबरून माईकचे तोंड मुठीत दाबले, तर मी आणखी वरच्या पट्टीत गेलो.

तीनदा सुरुवात झाली आणि तीनदा मी शिट्टी मारली. सुगत म्हणाला, "आत्या, मशीन गई काम से. भंगारातच टाकून देऊ आता." मैत्रीने जपून शब्द निवडले. मोबाईलवर वंदना रेकॉर्ड केलेली आहे, या वेळेला ती लावू, बाईंनी पुढे मानाने बसावे, असे तिचे म्हणणे.

मंजुळाताईंनी माईककडून तोंड फिरवले. "मानानं बसून आहेर घ्यायला मी आले नाहीये, मैत्री," त्या म्हणाल्या. "या वेळी नाही जमलं ना, तर मी परत कधी उभी राहणार नाही. माझं मला माहीत आहे."

मित्रांनो, मी आजवर शेकडो भाषणे मोठी केली, पण त्या वाक्याला माझी गरज पडली नाही. ते सगळ्यांना ऐकू गेले. मला मात्र आतून फार शिणल्यासारखे झाले. एवढी वर्षे ज्यांचा आवाज वाहिला, त्यांचा शेवटचा आवाज माझ्यामुळेच बंद पडणार होता.

तेवढ्यात ताईंचे थोरले भाऊ दगडूदादा आत आले. मिलमधून निवृत्त झालेले, अंगाने आडवे, ऐकायला दगडापेक्षा थोडेच बरे. काय चाललेय ते बघायला ते नेमके त्या पेटीच्या पुढ्यात उभे राहिले आणि सुगतला दम देऊ लागले, की मुलाला साधी वायर जोडता येत नाही. माझी शिट्टी थांबली. ते बाजूला झाले, पुन्हा सुरू झाली.

"दादा, तू परत तिथं उभा राहा," मंजुळाताई म्हणाल्या.

"काय?"

"उभा राहा म्हणते भिंतीसारखा."

ते राहिले. मी गप्प. हटले, मी सुरू. सुगतला हसू आले. "काका, तुम्ही म्हणजे चालतंफिरतं स्विच झालात भिया," तो इंदुरी लाडाने म्हणाला. पण ताई हसल्या नाहीत. शाळेत फळ्यासमोर उभ्या असाव्यात तशा त्या पेटीकडून माईककडे आणि माईककडून माझ्याकडे बोट नेऊ लागल्या. मग म्हणाल्या, "हा बिघडला नाही रे. हा स्वतःचंच ऐकतोय."

अगदी बरोबर होते ते. माईकमधून आलेली बारीक खरखर मी मोठी केली. ती पेटीतून बाहेर पडून हवेतून पुन्हा माईकमध्ये शिरली. मी ती आणखी मोठी केली. झोक्याला नेमक्या वेळी हात लावत राहिलात तर तो थांबत नाही, उलट चढतच जातो, तसेच हे. परत येणारे जाणाऱ्यापेक्षा कमी असेल तर आवाज विरून जातो. तेवढेच किंवा जास्त असेल आणि वेळ साधून आले, तर कोणी न बोलताही सूर चालू राहतो. अशा सर्किटला ऑसिलेटर म्हणतात. त्याला वाईट समजू नका. तुमच्या रेडिओत, घड्याळात, दारावरच्या घंटीत तो मुद्दाम बसवलेला असतो आणि इमानाने काम करतो. तिथे परतीची वाट तारांमधून, मोजूनमापून केलेली असते. इथे ती सुगतच्या मायेने, नकळत हवेतून करून दिली होती.

सुगतने पेटी फिरवून लोक बसतात त्या बाजूला केली, बटण जरा मागे घेतले, माईक ताईंच्या ओठांजवळ आणला. शिट्टी गेली. पण आता ताईंना स्वतःचे काहीच ऐकू येईना. त्या दोन ओळी बोलून थांबल्या. आवाज निघतोय की नुसते ओठ हलतायत, हे मला कळणार कसे, असे त्यांनी विचारले. सराव तसाच अर्धवट मोडला.

पौर्णिमेच्या सकाळी विहार भरला. मेणबत्त्या लागल्या. मैत्रीने मोबाईल हाताशी तयार ठेवला होता, मला तो दिसत होता. मंजुळाताई उभ्या राहिल्या. पहिली ओळ मी उचलली आणि माझ्यात होते नव्हते ते घालून पुढे दिली. लोक मागून म्हणाले, पण त्या मंद कानांपर्यंत ते पोहोचले नसावे. ताई थांबल्या. मैत्रीने मोबाईल उचलला.

तेव्हा अगदी मागे, दाराशी बसलेल्या दगडूदादांनी हात वर केला. मिलच्या विणाई खात्यात मागांच्या खडखडाटात माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. तिथले कामगार हातानेच बोलत. तळवा उघडा करून वर धरला की अर्थ एकच: माग नीट चालू आहे, थांबवू नकोस. मिलमध्ये जाणाऱ्या भावाबरोबर वाढलेल्या बहिणीला तो कळला.

"दादाला ऐकू गेलं," त्या माईकमध्येच पुटपुटल्या, "म्हणजे अख्ख्या इंदौरला गेलं." सगळा विहार हसला. मैत्रीने मोबाईल खाली ठेवला. ताईंनी पुढची ओळ धरली आणि वंदना शेवटपर्यंत सांगितली. दादांचा हात तेवढा वेळ वरच होता. दुखला तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या हाताने तोलून धरला.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा नाही. माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी, शाळेत असेल तर त्याच्या पाठीवर कापडाचे ओझे टाकून त्याला चालवू नका, धूळ पुसत जा, आणि तो ओरडला तर भंगारात काढण्याआधी त्याच्या समोर काय ठेवले आहे ते बघा. आणि कोणी बारीक आवाजात काही सांगत असेल, त्याला आपण पोहोचतोय की नाही ते कळत नसेल, तर मागच्या रांगेतून हात वर करा. तेवढे माझ्याच्याने होत नाही.