लंडनचं ऊन

कात्रीच्या पात्याला खळ चिकटली होती, वाळून पांढरी झालेली... लेबेरेख्ट क्वांट ती नखानं खरवडत बसला होता, कारण नजर वर उचलली की समोर ते पान दिसणार होतं. आत्ताच टपालानं आलेलं, लंडनच्या वर्तमानपत्राचं पान. तिसऱ्या रकान्याच्या तळाशी चार ओळी : नदीवरच्या नव्या लोखंडी पुलाचं उद्घाटन सोमवारी होऊ शकलं नाही, एका खांबाचं काम राहिल्यामुळं ते पंधरा दिवस पुढं गेलं आहे.

आणि आज सकाळीच, बर्लिनमध्ये घरोघरी कॉफीबरोबर, तो पूल उघडला होता. थाटात. मीच उघडला. ‘आमच्या लंडनच्या बातमीदाराकडून’ – या इथं, तिसऱ्या मजल्यावर, शेगडीशेजारच्या टेबलाशी बसून. वर भरपूर ऊनही पाडलं.

कितीतरी वर्षं तो असाच लंडनला राहत होता, बर्लिन न सोडता. तिकडची वर्तमानपत्रं यायची, तो कापायचा, चिकटवायचा, मध्येमध्ये ‘मी गर्दीत उभा होतो’ असं घालायचा. इतर वर्तमानपत्रांची माणसं म्हणे खरोखर तिकडं असत. त्यांच्या आधी छापायचं तर कार्यक्रमपत्रिका बघून आगाऊ लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आजवर कधी दगा झाला नव्हता. पण कॉफीगृहात लंडनची पत्रं टांगलेली असतात, कुणीतरी वाचणारच – आणि संपादक बाल्डामुस! पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या ‘पॅरिसच्या बातमीदारा’नं गेल्या वर्षी एका मेलेल्या मंत्र्याला भाषण करायला लावलं, तर बाल्डामुसनी त्याला त्याच दिवशी घरी बसवलं होतं.

“चेहरा का असा पडलाय रे?” आल्विना, त्याची बायको, दारातून म्हणाली. तिच्या हातात ओल्या कपड्यांची टोपली होती.

“काही नाही. जरा कचेरीत जाऊन येतो.”

“काही नाही म्हणणारा माणूस उलटा कोट घालत नाही.”

त्यानं कोट सुलटा केला. तिला सांगायचं म्हणजे सासऱ्यांना सांगायचं, आणि सासऱ्यांचं हातमोज्यांचं दुकान वाटच बघत होतं. लग्नातच ते म्हणाले होते, लिहा लिहा, हौस फिटेपर्यंत लिहा, गल्ल्यामागं एक स्टूल ठेवलंय तुमच्यासाठी... ते स्टूल रस्ताभर त्याच्यापुढं चालत होतं. त्यावर बसून बायकांच्या बोटांची मापं घ्यायची, आणि संध्याकाळी सासरे म्हणणार, आलात ना शेवटी ठिकाणावर? त्यापेक्षा आधी आपणच बाल्डामुसांपुढं कबूल करावं, पाय धरावेत. नाही – पाय नकोत. पण नोकरी तेवढी ठेवा म्हणावं.

कचेरीत बाल्डामुस खुर्चीत मागं रेलून डोळे पुसत होते. हे रडताहेत की काय, असंच क्वांटला आधी वाटलं.

“या, या, क्वांट! लंडनहून कधी आलात?”

“साहेब, तो पूल...”

“उघडलाच नाही. वाचलं मी.” त्यांनी टेबलावर तीन वर्तमानपत्रं पसरली, तिन्ही बर्लिनची, तिन्ही आजची, तिन्ही प्रतिस्पर्ध्यांची. “हे बघा. यांच्या बातमीदाराची टोपी पुलावर वाऱ्यानं उडाली. यांच्या माणसानं महापौरांशी हस्तांदोलन केलं, हात गरम होता म्हणे! आणि या पठ्ठ्यानं तर पुलाखालून बोटीनं जाऊन वाद्यं ऐकली.”

क्वांटनं तिन्ही पानं जवळ ओढली. “म्हणजे... हे सगळे?”

“सगळे आपल्याच गावात, शेगडीपाशी! आता कोण कुणाला खोटं पाडणार? चौघांनी उघडलेला पूल आहे तो, क्वांट, लंडनवाल्यांना आता बंद करता यायचा नाही. फक्त एक करा –”

“काय?”

“पुढच्या वेळी ऊन जरा बेतानं पाडा. लंडन आहे ते.”

सुटलो! जिन्यात तो एकटाच हसला, कठड्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. देवा, सुटलो. कोपऱ्यावर त्यानं गरम, साखर पेरलेला तळलेला गोड पाव घेतला, चालता चालता खाल्ला, आतला मुरंबा दाढीला लागला तरी पुसला नाही. स्टूल गेलं होतं. टोपी उडालेला तो कोण असेल? भेटला पाहिजे गड्याला, बिअर पाजली पाहिजे...

आणि मग, का कुणास ठाऊक, ती बाई आठवली. तरुणपणी तो एक हिवाळा खरोखरच लंडनला राहिला होता. एका सकाळी जुन्या पुलावर एक पालेभाजीवाली जुड्या बांधत होती, बोटं गारठलेली, दर जुडीनंतर ती बोटं तोंडात धरायची – तो किती वेळ उभा होता, आणि ते सगळं त्यानं लिहून वर्तमानपत्राला पाठवलं होतं. परत आलं. ‘यात काही घडत नाही.’ बरोबरच होतं, काही घडत नव्हतं. पण ती होती. चौघांनी मिळून पाहिलेल्या पुलापेक्षा ती एकट्यानं पाहिलेली बाई... हे आज कशाला? आज आनंदाचा दिवस. तरी तो चालताना हळू झाला होता.

घरी आल्यावर त्यानं आल्विनाला सगळं सांगितलं, हस्तांदोलनासकट. ती हसून हसून खाली बसली. “चौघंही थापाडे! आणि मी बिचारी समजत होते की माझाच नवरा असला.” मग डोळे पुसत उठली. “अरे, बाहेर पाऊस आहे का? मागं दोरीवर कपडे टाकलेत.”

त्यानं तोंड उघडलं.

“आत्ताच आलास ना बाहेरून?”

आलो होतो. अर्धं शहर चालून आलो होतो. पण पाऊस होता की नव्हता, त्याला सांगता येईना... ऊन होतं, असं मात्र जिभेवर अगदी तयार होतं. त्यानं ते गिळलं.

“थांब,” तो म्हणाला. “बघून सांगतो.”

त्यानं खिडकी उघडली आणि हात बाहेर धरला. एक थेंब पडला. मग बराच वेळ काहीच नाही. आल्विना मागून हाका मारत होती, पण तो हात तसाच धरून उभा राहिला, आणि आज कितीतरी दिवसांनी त्याला कसलीच घाई नव्हती.