फळीचे दुसरे टोक

"अधिकारी जन्माला यावा लागतो! तो कुणाला घडवता येत नाही!"

सरांनी टेबलावर मूठ आपटली. टेबलावरची घंटा दचकून आपोआप वाजली, आणि त्यांच्या डोक्यावर टांगलेली 'येथे अधिकारी घडवले जातात' ही पाटी किंचित तिरकी झाली. नव्या तुकडीतल्या मुलामुलींनी एकदा सरांकडे पाहिले, एकदा पाटीकडे. फी भरून झाली होती. त्यांनी दोन्ही वाक्ये वहीत लिहून घेतली.

सर पाटी सरळ करायला वळले तेवढ्यात दारात बूट आपटल्याचा आवाज झाला. हवालदारकाका सावधान उभे होते. काका फौजेतून निवृत्त झालेले खरेखुरे हवालदार. मुलांना पळवणे, उड्या मारायला लावणे ही त्यांची कामे. पण ती दुय्यम. मुख्य काम एकच होते. रोज सकाळी क्लासच्या फाटकात, सगळ्यांच्या देखत, सरांना कडक सलाम ठोकायचा. 'वातावरणनिर्मिती', असे सर त्याला म्हणत. स्वतः सर पाच वेळा अधिकारी-निवडीला जाऊन पाच वेळा परत आले होते; पण सलाम इतका सफाईने घेत की बघणाऱ्याला वाटावे, निवड समितीच यांच्याकडे येऊन नापास झाली असेल.

"सर, आपलं पोरगं भरती झालं!" काका म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता.

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. सरांनी नम्रपणे एक हात वर केला. चौकातल्या फलकावर त्यांच्या चिरंजीवांचा फोटो झळकत होताच, सरांच्याच जुन्या ब्लेझरमध्ये, खाली 'उद्याचा अधिकारी' असे लिहिलेला. उद्या इतक्या लवकर उगवेल असे मात्र त्यांनाही वाटले नव्हते.

"पण मुलाखत तर पुढच्या महिन्यात आहे," ते पुटपुटले. मग मोठ्याने, "कोणत्या अकादमीत?"

"अकादमी कसली सर, पलटणीत! जवान म्हणून. अख्ख्या मैदानात पहिला आला पळण्यात. सोमवारी हजर व्हायचंय."

टाळ्या एका दमात थांबल्या नाहीत. मागच्या बाकावरचे दोघे, ज्यांना नीट ऐकू आले नव्हते, ते बराच वेळ वाजवत राहिले.

"पुरे," सर म्हणाले.

क्लास खाली आणि घर वर. मधला जिना चढताना सर एरवी मनातल्या मनात सकाळचे व्याख्यान घोळवत. त्या दिवशी ते दोनदा थांबले.

वर आई ताटे मांडत होती. तीसुद्धा नवऱ्याला सरच म्हणे. लग्नानंतर थट्टेने म्हणू लागली, पुढे सवयीने म्हणाली, आणि आता नाइलाजाने. चिरंजीव खाली मान घालून जेवायला बसले होते. पळून पळून मुलाचे गाल आत गेले होते. हे कधी झाले, ते सरांना आठवेना.

"कुणाला विचारून गेलास?"

"विचारलं असतं तर सोडलं असतंत का?"

"सर, आधी जेवून घ्या, मग ओरडा," आई म्हणाली.

"मी ओरडत नाहीये. मी आवाजात अधिकार आणतोय."

"मग तो अधिकार जरा हळू आणा. खाली पोरं अभ्यास करतायत."

सरांनी पाण्याचा घोट घेतला. "सोमवारी तिकडे हजर झालास की पुढच्या महिन्याची मुलाखत गेली, कळतंय ना? लेखी परीक्षा पास झालायस तू. दार उघडलंय. आणि हे शहाणे दार सोडून खिडकीतून उडी मारतायत!"

"पुढे आतूनही अधिकारी होता येतं. हवालदारकाका सांगत होते."

"हवालदार! तो आतून काय झाला? हवालदार!" सरांना स्वतःचाच मुद्दा इतका आवडला की त्यांनी तो पुन्हा एकदा म्हटला. मग खुर्ची पुढे ओढून ते समजुतीच्या सुरात आले. "अरे, तू जवान झालास तर काय होईल, विचार केलायस? माझ्या हाताखाली शिकलेली पोरं, ज्यांना धड टाय बांधता येत नव्हता, ती तुला हुकूम देतील. तू त्यांना सलाम ठोकशील. माझा मुलगा!"

"त्यांच्यासाठी फळी तर मी आत्ताही धरतोच की, बाबा."

आईने आमटीचा डाव खाली ठेवला. "दहावीपासून धरतोय," ती म्हणाली, कुणाकडेच न बघता.

ही फळी म्हणजे क्लासचे भूषण होते. क्लासच्या मागच्या मैदानात चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या. त्यांच्या मधली जमीन म्हणजे नदी. नदीत दोन पिंपे उलटी घातलेली. काठावर एक फळी आणि एक दोरी. आठ जणांच्या गटाने ही नदी जमिनीला पाय न लावता ओलांडायची, आणि परीक्षक लांबून कोण नेतृत्व करतो ते बघणार. प्रत्यक्ष निवडीत हीच कसोटी असते. युक्ती सोपी होती. दोन पिंपांमधले अंतर फळीपेक्षा जास्त, म्हणून फळीचे एक टोक पिंपावरून पुढे काढायचे आणि दुसरे टोक कुणीतरी घट्ट दाबून धरायचे. बाकीचे त्या फळीवरून पुढे जाऊन पलीकडच्या पिंपावर उडी मारणार. सगळे गेले की धरणारा मागे उरतो. त्याच्यासाठी फळी धरायला कुणी नसते.

त्यामुळे फळी कुणीच धरत नसे. धरणाऱ्याकडे परीक्षकाचे लक्ष कशाला जाईल? आठही भावी अधिकारी कमरेवर हात ठेवून एकमेकांना हुकूम देत, आणि चुन्याच्या त्या नदीत वर्षानुवर्षे तुकड्यांच्या तुकड्या बुडत. मग सर खिडकीतून हाक मारत, "अरे, फळी धर!" आणि चिरंजीव हातातले पुस्तक तिथेच पालथे ठेवून मैदानात पळत.

"त्याचा इथे काय संबंध?" सर म्हणाले.

मुलाने भाताचा घास घेतला. बराच वेळ चावला.

"ठीक आहे," सर उठले. "मी लोकशाहीवादी माणूस आहे. उद्या सकाळी रीतसर मुलाखत. माझ्यासमोर बस आणि अधिकारी का नको, ते पटवून दे. नाही पटलं, तर सोमवारी जायचं नाही. कबूल?"

"आणि पटलं तर?"

या शक्यतेचा सरांनी विचार केलेला नव्हता. "तर बघू," ते म्हणाले.

मुलाखतीची खोली हा सरांचा खरा अभिमान. लांब टेबल, त्यावर घंटा, मागे उंच पाठीची खुर्ची. समोर उमेदवाराची खुर्ची. तिचे चारही पाय सरांनी सुताराकडून दोन बोटे कापून घेतले होते, म्हणजे उमेदवाराला वर बघून बोलायची सवय व्हावी. सुताराकडून एक पाय जरा जास्तच कापला गेला होता. घाबरलेला उमेदवार त्या खुर्चीत बसला की खुर्ची टकटक वाजे, आणि सर वहीत लिहीत, 'आत्मविश्वास कमी.'

चिरंजीव दारावर टकटक करून आत आले. अंगात ब्लेझर होता; आईने आग्रहाने घालायला लावला असावा. ते बसले. खुर्ची वाजली नाही.

"सैन्यात का यायचंय?"

"देशसेवा, शिस्त आणि साहस, सर." हे उत्तर सरांनीच लिहून दिलेले होते.

"मग अधिकारी का नाही?"

"भरतीच्या मैदानात एक गोष्ट बरी होती," मुलगा म्हणाला. "पळायचं होतं. जो पळाला तो आत. कसा बोलतो, कसा बसतो, कुणाचा मुलगा, कुणी विचारलं नाही. मला पहिल्यांदाच कळलं, मला काय येतं ते."

"पळायला घोड्यालाही येतं."

"हो, सर."

"घोड्यावर बसायला अधिकारी लागतो."

"हो, सर. बसणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत."

सरांनी वहीत काहीतरी लिहिले आणि खोडले. ते उभे राहिले. उभे राहिले म्हणजे आता ती गोष्ट येणार, हे मुलाला ठाऊक होते. प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात ती ऐकायला मिळे: सरांची शेवटची निवड, असेच मैदान, अशीच नदी, गटात आठ जण, उत्तर फक्त सरांना सापडलेले, आणि अंमलबजावणी होणार तोच दैव आडवे आले, वेळ संपल्याची शिट्टी वाजली. ऐकता ऐकता काही मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचे.

"एका शिट्टीनं माझं आयुष्य थांबलं," सर म्हणाले. "तुझं थांबू नये, एवढंच मागतोय. अधिकारी झालास की निदान या घरात कुणीतरी..." वाक्य पुरे करायला ते थांबले आणि पुरे न करताच खुर्चीत बसले. मग आवाजात पुन्हा अधिकार आणून त्यांनी शेवटचे वाक्य उच्चारले, जे ते प्रत्येक मुलाखतीत उच्चारत. "तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे?"

इथे प्रश्न विचारायचाच, अशी सरांची शिकवण होती. प्रश्न विचारणाऱ्याची जिज्ञासा दिसते.

"एक विचारायचं होतं, सर," मुलगा म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही आठ जण होतात. फळी कोणी धरली होती?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिले. चुन्याच्या रेघा काल पुन्हा आखल्या होत्या. निवडीचे ते मैदान त्यांना स्वच्छ आठवत होते, गलकासुद्धा. सगळ्यांत चढा आवाज त्यांचाच होता. आठवणीत फळी मात्र काठावरच पडलेली होती, आणि तिच्यावरून एक मुंगळा सावकाश चालला होता.

त्यांनी घंटा वाजवली.

"तुम्ही जाऊ शकता," ते म्हणाले.

मुलगा उठला. दारापाशी जाऊन त्याने मागे वळून पाहिले, पण सर वहीत लिहिण्यात गढले होते. पेन चालत होते. कागदावर शाई उमटत नव्हती.

सोमवारी सकाळी आई वर आली तेव्हा सर आरशासमोर टायची गाठ मारत होते.

"निघालाय तो. खाली तरी या."

"तुकडी यायची वेळ झालीय."

"तुकडी रोजच येते."

"मी कामात आहे," सर म्हणाले आणि मारलेली गाठ सोडून पुन्हा मारायला घेतली.

आई दारात थोडी थांबली. "सर," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

खिडकीतून त्यांना फाटक दिसत होते. मुलाच्या खांद्यावर एकच पिशवी. त्याने आईच्या पायाला हात लावला. मग हवालदारकाकांपुढे उभा राहून सलाम केला. काकांनी पुढे होऊन त्याचे कोपर दोन बोटे वर उचलले, मागे सरकून एकदा न्याहाळले, आणि मग स्वतः सलाम घेतला. मुलाने वर पाहिले. सर पडद्याआड झाले. पुन्हा डोकावले तेव्हा फाटकात आई एकटी उभी होती.

मुलाखतीच्या खोलीत ब्लेझर नीट घडी करून त्या बुटक्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता.

सर खाली उतरले. काकांनी रोजच्यासारखा सलाम ठोकला. टाच वाजली, हात कपाळाला भिडला. सरांचा हात वर गेला खरा, पण वाटेतच टायपाशी थांबला.

"सर, दादा दिसत नाहीत," नव्या तुकडीतल्या, बातमीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या एका चष्मेवाल्या मुलीने विचारले.

"प्रशिक्षणाला गेला."

"कुठं?"

"गोपनीय आहे," सर म्हणाले.

हवालदारकाका शेजारीच उभे होते. त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि मैदानाकडे चालू लागले.

मैदानात नदीचा कार्यक्रम सुरू झाला. चष्मेवाली आणि इतर सात जण पिंपावर चढून दाटीवाटीने उभे राहिले. एक म्हणाला, फळी पुढे घ्या. दुसरा म्हणाला, आधी दोरी. तिसऱ्याने कमरेवर हात ठेवून सगळ्यांना शांत राहण्याचा हुकूम दिला, त्याबरोबर गलका दुप्पट झाला. सर काठावर उभे राहून बघत होते. बघता बघता त्यांनी सवयीने मान वळवली.

"अरे, फळी..."

पायरीवर कुणी नव्हते. एक पुस्तक पालथे पडले होते, ते तेवढे वाऱ्याने फडफडले. काकांनी घड्याळावरून नजर वर केली आणि पुन्हा घड्याळाकडे नेली.

फळी अर्धी पुढे गेली, डुगडुगली, एका टोकाने धाडकन खाली आपटली. चुना उडाला. चष्मेवालीने चष्मा पुसला, वेळ संपत आल्याचे बघितले आणि इकडेतिकडे पाहून अगदी अदबीने हाक मारली.

"सर, तुम्ही मोकळेच आहात ना? तेवढी फळी धरता का?"