सव्वा लाखाची सून

सुपारी फुटली तेव्हा वीरधवलच्या आईने, चंद्राबाईंनी, होणाऱ्या सुनेच्या पंधरा लाखांच्या पॅकेजला बाराने भागलं आणि ओवी घोळवावी तसं कोरेगावभर सांगितलं, "म्हयन्याला सव्वा लाखाची सून हाय!"

लग्नानंतरच्या पहिल्या पगाराला खात्यात आले एक लाख एक हजार.

"वरचं म्हायेरला धाडलंस व्हय गं?" सासूने सुनेला विचारलं.

जेवायला बसलेल्या संयोगिताने मोबाईलवर पगाराची स्लिप उघडली. "न्हाई वो आत्या. कंपनी भरते तो पीएफ आणि ग्रॅच्युइटीही पॅकेजातच धरत्यात. वर माझा पीएफ, इन्कम टॅक्स. हातात यायच्या आधीच कापत्यात."

"आस्सं." चंद्राबाईंनी तिच्या ताटातली वाफाळती भाकरी मोडली. "ह्यो टॅक्स." एक तुकडा टोपल्यात गेला. "ह्यो फंड." दुसरा गेला. ताटात चतकोर उरली. "आता हातात आलंय तेवढं खा."

शेजारी जेवणारा वीरधवल म्हणाला, "आई, फंड परत मिळतो गं."

"मिळंल की. म्हातारी झाल्यावर."

तो खळखळून हसला आणि आपल्यासाठी आणखी एक भाकरी मागून घेतली.