झाकणाचा रंग

अंगठ्याच्या नखावर पिवळा ठिपका — अंड्याच्या बलकासारखा, अजून ओला — आणि टर्पेंटाइनचं फडकं हातात असूनही त्याला तो पुसवेना. परक्या गावात अचानक ओळखीचं माणूस दिसावं तसा तो त्याच्याकडे बघत राहिला. हा मी आणला. कुणी सांगितलं नव्हतं... गंमतच आहे.

समोर व्हरांड्यात, जुन्या वर्तमानपत्रांवर, पेटारा. मुलीची खेळणी त्यात असत, मग रद्दी, मग काय होतं कुणास ठाऊक, आता मुलीला तो तिच्या नव्या घरी हवा होता, आणि फोनवर तिने बजावलं होतं, "बाबा, रंग तुमच्या मनाने द्या. आईला अजिबात विचारायचं नाही." जुना रंग खरवडणं, खिळ्यांची भोकं लांबी भरून बुजवणं, आधी जाडा मग बारीक काचकागद — तीन दिवस तो सुखात होता, कारण त्यात मनाचं काही काम नव्हतं. चौथ्या दिवशी ते वाक्य पुढ्यात येऊन उभं राहिलं. तुमच्या मनाने. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

लहानपणी कापडाच्या दुकानात मोठा भाऊ निळ्या शर्टासाठी फतकल मारून बसे, आणि याला विचारलं की हा म्हणे, कुठलाही चालेल. मग आई त्याच्या केसांतून हात फिरवून चारचौघांत म्हणे, किती समजूतदार आहे हा माझा... त्या हातासाठी माणसाने आयुष्यभर कुठलाही शर्ट घातला असता. घातलाच. पुढे नकाशे काढण्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं लोकांच्या घरांच्या भिंती लोकांनी सांगितल्या तिथे काढल्या, घरातले पडदे बायकोने निवडले. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात, तर याने ऐकलंही जनाचं आणि केलंही जनाचंच, आणि त्याचं कधी फारसं वाईट वाटलं असंही नाही. भीती वाटली ती आता, साठी उलटल्यावर — मन शोधायला जावं, आणि तिथे काही नसलंच तर?

रंगवाल्याकडे तो दोनदा जाऊन हात हलवत परत आला. चौकटीचौकटींचा तक्ता पुढे सरकवून सरकवून रंगवाला कंटाळला, म्हणाला, "काका, घरी विचारून या की." तेच तर करता येत नव्हतं, हीच पंचाईत. काल तिसऱ्यांदा गेला तेव्हा रंगवाला दुसऱ्याच कुणाचा डबा उघडून काडीने ढवळत होता, आणि... "हा." शब्द निघून गेल्यावर त्याला कळलं की बोललो ते आपणच. "हाच द्या. असाच."

आज सकाळी पेटाऱ्याच्या अंगाला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावला — फडक्याने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, जास्तीचा लगेच पुसत — आणि लाकूड तांबूस होत होत असं उजळलं की त्याला एकट्यालाच हसू आलं. झाकण भलत्याच लाकडाचं, कुणीतरी मागून बसवलेलं, डागाळलेलं. म्हणून त्याला काल संध्याकाळीच अस्तराचा पांढरा हात, आणि आज त्यावर हा पिवळा. तो देताना तो चक्क शीळ घालत होता. बेसूर आहे हे त्याला कळत होतं, तरी घालत होता.

बायको चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थबकली. इतके दिवस तिने मिठाची गुळणी धरली होती, कारण मुलीने तिलाही दम भरला होता.

"पिवळा? आणि तिला नाही आवडला तर?"

मग बदलू, त्यात काय... सवयीने ओठांवर आलंच होतं. पण बदलायचं म्हणताच पोटात तुटलं, एवढ्याशा झाकणासाठी, आणि पोटात तुटलं याचाच त्याला फार आनंद झाला. म्हणजे होतं. आत होतं काहीतरी.

"तर तिने बदलावा," तो म्हणाला. "मला हाच हवा होता."

बायको कप कठड्यावर ठेवून पेटाऱ्याभोवती एक फेरी मारून आली. "बघा हं. मला बघून गेलात तेव्हा तुमच्या मामांनी विचारलं, मुलगी कशी वाटली, तर काय म्हणालात? चालेल. आणि पेटाऱ्याच्या झाकणाला म्हणे हाच हवा." ती हसली. हा किस्सा ती पाहुण्यांना नेहमी सांगे, आणि तोही हसे. आज पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, की हसू संपता संपता ती चष्मा काढून उगाचच पुसते.

तो दिवस... तिच्या घरची खिडकी अडकली होती. मोठ्यांची बोलणी चालू असताना सगळ्यांकडे पाठ करून ती खिडकी कोपराने ढकलत होती, आणि उघडली तेव्हा एकटीच खूश झाली होती. परतीच्या वाटेवर मामा तीनतीनदा विचारत होते आणि याला ऐकूच येत नव्हतं. केवढं हवं होतं मला. आणि जे सगळ्यात जास्त हवं होतं, त्यालाही मी तोच समजूतदार मुलाचा शब्द वापरला...

"ते खोटं होतं," तो म्हणाला.

"काय खोटं?"

"मामांना सांगितलं ते."

ती चष्मा हातात धरून थांबली. "मग खरं काय होतं?"

झाकण अजून ओलं होतं, चहा निवत चालला होता, ती वाट बघत उभी होती, आणि त्याला मुळीच घाई नव्हती. आयुष्यभर लोक त्याला विचारत आले होते, हे की ते, आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर त्याला चौतीस वर्षांपासून तोंडपाठ होतं.