छपरावर विझणारा तारा

दिवेलागण होऊन तास उलटला, तरी पांढरकवड्याजवळच्या त्या गावात चूल पेटली नव्हती. सगळा गाव पटांगणात माना वर करून उभा होता. मावळतीकडून एक ठळक तारा निघाला आणि सावकाश आभाळातून चालू लागला. उगवतीला तो पंचफुलाबाईच्या छपरावर पोचताच मांत्रिक ताराबाबानं फुंकर मारली. तारा विझला.

"दोनदा झालं," बाबा म्हणाला. "उद्या तिसऱ्यांदा विझला, त गावात पटकीची साथ शिरते. त्या घरात करणी हाय."

"मंग?" वामनरावांनी विचारलं. गावात त्यांचाच शब्द चाले.

"बाई गावाबाहेर. घराले आग."

धर्मपाल गर्दीत मागे उभा होता. पंचफुलाबाई त्याची सख्खी आत्या; विधवा, एकटी. तो पांढरकवड्यात घड्याळं दुरुस्त करी आणि पुठ्ठ्याच्या नळीत भिंगं बसवून तारे पाही. हा तारा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. अमेरिकेनं गेल्या वर्षी अवकाशात सोडलेला, पृथ्वीभोवती फिरणारा चकचकीत फुगा होता तो. उंचावर अजून पोचणाऱ्या उन्हानं चमके, पृथ्वीच्या सावलीत शिरला की दिसेनासा होई. त्याच्या वेळा आणि दिशा नागपूरच्या पेपरात येत, आणि तो पेपर बाबा सडकेवरच्या ट्रकवाल्यांकडून मागून घेई. परवा त्यानं लोकांना पाराजवळ उभं केलं होतं, आज पटांगणात. जागा वेगळी, छप्पर तेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक घासलेटचे डबे घेऊनच पटांगणात आले. आत्यानं आतून कडी लावली होती.

"वामनराव, चाळीस पावलं माह्यासंग चला," धर्मपाल म्हणाला. "त्या निंबाखालून पाहू."

"कायले?"

"तारा तोच हाय. जागेनं काय बिघडते?"

"जो हलन त्याचं वाटोळं होईन," बाबा ओरडला.

वामनरावांना कोणी हलू नको म्हटलेलं खपत नसे. ते निघाले, मागोमाग अर्धा गाव.

तारा उगवतीकडे आला. "तांबूस पडून राह्यला पाहा," धर्मपाल म्हणाला. "सावली लागली. बाबा हेच पाहून फुंकते. आता विझते."

तारा विझला. निंबाखालून पाहता तो वामनरावांच्याच माडीवर विझला होता.

सगळे वामनरावांकडे वळले.

"मंग आता वामनरावाची माडी जाळायची का?" धर्मपालनं विचारलं. "बाबा तुमाले उभं करते तिथून आत्याचं छप्पर दिसते, एवढाच चमत्कार. कोणी सांगतलं म्हणून मानू नका. जागा बदलून पाहा, इचारा, मंग माना."

पटांगणात बाबा नव्हता. वामनराव पंचफुलाबाईच्या दाराशी गेले. "बाई, चुकलं आमचं. दार उघडा."

त्यांच्या मागे उभ्या माणसांच्या हातांत डबे अजून तसेच होते. आतून कडी निघाली नाही.