उदेपूरची बॅग

सकाळपासून चंचलने बॅग कितीदा भरली आणि कितीदा उपसली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. उदेपूरला जायचं होतं, दोनच दिवसांसाठी, रात्रीच्या लक्झरी बसने. मोबाईलवरच्या रीलमधली बाई बजावून सांगत होती, की कपड्यांच्या घड्या घालू नका, गुंडाळ्या करा. तीन टॉप आणि दोन पँट नेल्या की सहा वेगवेगळे पोशाख होतात. चंचलने गुंडाळ्या केल्या. जीन्स, दोन कुर्त्या, पिस्ता रंगाचा को-ऑर्ड सेट, थंडीसाठी डेनिमचं जाकीट, आणि पांढरे बूट, जे सुरतेतल्या बमरोलीच्या या गल्लीत तिने एकदाही पायात घातले नव्हते. सगळं बसत होतं, चेनही लागत होती, तरी जीव काही ठिकाणावर येईना. तलावाकाठी कुर्ती बरी दिसेल की सेट? चालून चालून जीन्स काचली तर? की साडीच न्यावी एखादी, उगाच नाटकं नकोत?

लग्नाला तीन वर्षं झाली होती. पूजा उरकली आणि दुसऱ्याच दिवशी गोपाल सुरतेला मशीनवर हजर झाला, कारण लूम्सच्या कापडकारखान्यात नवरदेवालाही पाळी चुकत नाही. चंचल मागून आली. तेव्हापासून सुरतेहून गाव आणि गावाहून सुरत, एवढाच तिचा प्रवास. तोही कुणाचं लग्न असेल, नाहीतर कुणी गेलं असेल तर. चंचल नाव ठेवलं म्हणून कुणाला पाय फुटत नाहीत. गोपालने मशीनवरच्या जोडीदाराशी, लक्ष्मणशी, पाळ्या बदलून दोन दिवस मोकळे केले, तेव्हा तिला आधी ते खरंच वाटेना. गावाकडे सासूला मात्र त्याने 'यंदा सुट्टी नही' असं सांगून टाकलं होतं.

दारात रुपाली उभी राहिली. शेजारच्या खोलीतली, यांच्याच तालुक्याची. हातात प्लास्टिकची पिशवी.

"गावाले जाई राह्यन्यात म्हने तुम्ही? हाई मनी मायसाठे साडी शे. स्टँडवर मना भाऊ ई जाई, त्याले दी दे."

"कोनी सांगं?" चंचलने विचारलं.

"गोपालभाऊनीच. चहानी टपरीवर."

घडलं होतं ते असं. टपरीवर कुणीतरी गोपालला विचारलं, पाळी कशाला बदललीस? 'बायकोला घेऊन फिरायला जातोय' हे वाक्य त्याच्या जिभेपर्यंत आलं आणि तिथेच लाजून बसलं. फिरायला शेठ लोक जातात. कारीगर गावाला जातो. चारचौघांत हसं होईल या भीतीने गडी बोलून गेला, 'गावाले.' वेळ मारून नेली असं त्याला वाटलं असणार. पण या गल्लीत गावाला जाणारा माणूस एकटा जात नाही, त्याच्याबरोबर साऱ्या गल्लीच्या पिशव्या जातात, आणि त्या घ्यायच्याच असतात. आज नाही म्हटलं तर उद्या आपली पिशवी कोण नेणार? मागच्या उन्हाळ्यात चंचलच्या आईची औषधं रुपालीच्याच नवऱ्याने वाट वाकडी करून घरापर्यंत पोचवली होती.

तिने पिशवी घेतली. रुपाली वळताच गोपालला फोन लावला, तर मशीनच्या खडखडाटात त्याला फक्त एवढंच कळलं, की बायको बोलतेय. "संध्याकायले ई राह्यनू!" असं ओरडून त्याने फोन ठेवला.

मग रांगच लागली. कुणाच्या भाच्याचे शाळेचे बूट, कुणाच्या बापाचा मफलर, कुणाच्या बहिणीला साखरपुड्यात नेसायची साडी, वर 'फॉल लाई ले म्हना' हा निरोप. येणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पिशवी कोपऱ्यात टाकणं बरं दिसेना, म्हणून चंचल ती बॅगेत कोंबायची आणि आपलं काहीतरी बाहेर काढायची. आधी जाकीट निघालं. मग पांढरे बूट. मग कुर्त्या, जीन्स, आणि शेवटी तो पिस्ता रंगाचा सेटही खाटेवर येऊन पडला. एक ना धड, भाराभर चिंध्या. ती उठली, पाणी प्यायली, बसली, पुन्हा उठली. खिडकी उघडली, पुन्हा लावली. गोपालचा राग येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

एकदा मनात आलं, जाऊ दे, गावालाच जाऊ. पिशव्याही पोचतील, खोटंही खरं होईल. आणि हा विचार आल्याबरोबर तिला रडूच फुटलं. हे दोन दिवस तिला हवे होते. कुणाच्या चुलीशी बसायचं नव्हतं, डोक्यावर पदर सांभाळायचा नव्हता. नवऱ्याच्या मागून नाही, शेजारून चालायचं होतं, तेही आपल्याला आवडलेल्या कपड्यांत. यात वाईट काय होतं ते तिला कळत नव्हतं, आणि तरी सांगायची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात सरलाबाई आल्या. गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. चंचल सुरतेला नवी आली तेव्हा पहिले चार दिवस जेवण यांच्याच घरून आलं होतं. त्यांनी पोटाशी धरलेलं गाठोडं खाटेवर सोडलं आणि एकेक वस्तू काढून दाखवली. टोपरं, अंगडी, मऊ दुपटं, लेकीसाठी मोरपंखी साडी. लेक सासरीच बाळंत झाली होती आणि परवा बारसं होतं. नवरा, सुकदेवकाका, तापाने पडलेले. त्यांना टाकून निघता येत नव्हतं.

"बाळंतविडा मायनाच घरथून जावाले पाह्यजे वं," सरलाबाई म्हणाल्या. "नही गया ते पोरले जलमभर आयकनं पडी. बरं व्हयनं, तू जाई राह्यनी."

चंचलने अंगडं हातात घेतलं. तळहाताएवढं होतं. आता मात्र गप्प राहणं तिला जमेना.

"मावशी, आम्ही गावाले नही जाई राह्यनूत."

"मंग?"

"उदेपूरले."

"कोन मरनं तठे?"

"कोनीच नही. फिराले जाई राह्यनूत."

सरलाबाईंनी खाटेवरच्या जीन्सकडे पाहिलं, फुगलेल्या बॅगेकडे पाहिलं. "आनि हाई तू माले आते सांगस? सकायनी गाडीवर कोनासंगे तरी धाडी देती मी." गाठोडं बांधताना त्यांच्या हातून गाठ दोनदा सुटली. चंचल मदतीला पुढे झाली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. "फिरा ना वं माय. नको कोन म्हनं? पन खोटं कसाले बोलनात?" आणि त्या निघून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर चंचलला बरं वाटलं असतं.

बॅग उचलून ती एकेका दारात जाऊन खरं सांगू लागली. रुपाली आधी हसली, मग तिचं तोंड फुगलं. साखरपुड्याच्या साडीवाली म्हणाली, "पैसा जास्त व्हई गया का?" एकीने तर कसला नवस फेडायचा आहे का, असंही विचारलं. प्रत्येक दारात चंचलचे कान तापत होते, पण सांगून झालं की पुढच्या दाराकडे जाताना पाय थोडे हलके पडत होते. फुगलेल्या रुपालीनेच शेवटी सांगितलं, की मागच्या गल्लीतला प्रवीण आज रात्रीच्या गाडीने दोंडाईच्याला, म्हणजे त्यांच्याच गावाकडे, निघालाय.

प्रवीण तयार झाला, पण त्याच्या छोट्या सॅकमध्ये एवढं मावणार कुठे? चंचलने सगळ्यांच्या पिशव्यांनी भरलेली आपली बॅगच त्याच्यापुढे ठेवली. मग सरलाबाईंच्या दारात जाऊन गाठोडं मागून आणलं आणि सगळ्यांत वर ठेवलं. "हाई कोनाच हातमा दिऊ नको. सरलामावशीनी पोरनाच हातमा," असं तिने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. सरलाबाई दारातून बघत होत्या. हसल्या नाहीत, पण गाठोडं द्यायला नाहीही म्हणाल्या नाहीत.

गोपाल कामावरून आला तेव्हा कानांत धाग्यांचे तंतू तसेच होते. खाटेवर कपडे पसरलेले आणि बॅगेचा पत्ता नाही.

"बॅग कोठे शे?"

"गावाले गई," चंचल म्हणाली, आणि साडीच्या दुकानाच्या दोन जाड पिशव्या झटकून तिने पुन्हा गुंडाळ्या करायला घेतल्या. झालेलं सगळं सांगितलं. उद्या टपरीवर कसं जाऊ, शेठला कळलं तर, लक्ष्मण काय म्हणेल, असं गोपालचं सुरू झालं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आईचा होता. गल्लीतली बातमी गाडीच्या आधी गावात पोचते. गोपाल फोनकडे विंचवाकडे बघावं तसा बघत राहिला. शेवटी चंचलनेच तो उचलला.

"काय वं," सासूने थेट सुरुवात केली, "उदेपूरले जाई राह्यन्यात म्हने?"

"हा, आत्या."

"घर येवाले सुट्टी नही, नि तठे जावाले सुट्टी शे? कोनं लगीन शे तठे इतलं?"

गोपाल हातवारे करून शेठच्या मुलाचं लग्न सुचवू लागला. "शेठना आंडोरनं सांग," तो कुजबुजला. "शेठना आंडोरनं!"

चंचलने त्याच्याकडे पाठ केली.

"आमनं," ती म्हणाली.

"काय?"

"आमनंच लगीन शे, आत्या. पूजा व्हयनी नि दुसरा दिन हे मशीनवर उनात. तधळपासून राहीच गयं."

पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचं ऐकू आलं. फोन कटला की काय, म्हणून चंचलने तो कानापासून दूर धरून पाहिला.

"मंग चांगलं नेसजो," सासू म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

ती रागाने बोलली की कशी, ते चंचलला कळलं नाही. तिने पिशवीत घातलेला पिस्ता रंगाचा सेट पुन्हा बाहेर काढला, उलगडला, आणि गोपालला म्हणाली, "तोंड धुई ल्या. निंघानं शे."