तलफ ओसरेपर्यंत थांबणारी रिक्षा

मित्रांनो, मी एक जुनी रिक्षा आहे. जळगावात पिंप्राळ्याच्या स्टँडवर माझा ठिगळं लावलेला हुड तुम्हाला लांबूनच ओळखू येईल. ठिगळं असली तरी मी मान ताठ ठेवून उभी असते. का, ते सांगते.

शोरूममधून मला आणलं, तेव्हा माझे मालक सुपडूभाऊ यांनी माझ्या काचेवर झेंडूचा हार घातला. त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, चाकाखाली लिंबू ठेवलं. पुढे सोनं घ्यायला आलेली लग्नघरं, डाळमिलचे कामगार, गाडी पकडायला धावणारे प्रवासी, सगळ्यांना मी वाहिलं. "सुपडूची रिक्षा म्हणजे घड्याळ!" असं लोक म्हणत.

मग दारू आली. आधी संध्याकाळी, नंतर दुपारी, शेवटी सकाळी हातांची थरथर थांबवण्यासाठी. माझं सीट फाटलं, तेल काळं पडलं. गुत्त्यासमोर मी तासन्‌तास उन्हात उभी असे. पुष्पाबाईंनी त्यांना देवळात नेलं, गळ्यात माळ घातली, शपथा घ्यायला लावल्या. प्रत्येक शपथ ते अगदी मनापासून घेत, आणि प्रत्येक शपथ मोडत.

त्यांची मुलगी भूमिका दहावीला होती. पहिल्या पेपरच्या सकाळी ती पॅड घेऊन माझ्याजवळ आली. सुपडूभाऊ मागच्या सीटवर पायात चपला तशाच ठेवून पडले होते. तिनं वाकून पाहिलं. हाक मारली नाही. ती पायीच निघाली. सुपडूभाऊ जागे होते. वळणापर्यंत ते तिच्या पाठीकडे बघत राहिले, आणि मग माझ्या सीटमध्ये तोंड खुपसून रडले.

स्टँडवरचा दुसरा रिक्षावाला भाईदास पूर्वी पीत असे. प्रार्थना करणाऱ्या एका गटात जाऊन तो सावरला होता. तो म्हणाला, "चाल मना संगे. बठ्ठं देववर सोडी दे." सगळा भार देवावर टाकायला तो सांगत होता.

सुपडूभाऊ गेले. माणसं भली होती. पण परत येऊन ते माझ्यात बसले. मग म्हणाले, "भाईदास, तुले ते लागू पडनं, चांगलं जायं. पन देवनी आण मी कितला येळा मोडी! आते त्याना दारमा कोनतं तोंड लिसन जाऊ?"

भाईदास रागावला नाही. "मंग दुसरी वाट देखू," एवढंच म्हणाला, आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी बजावलं, की एकदम आपल्या मनानं दारू तोडू नका, त्यात जिवाला धोका असतो. त्यांनी दाखल करून औषधं दिली. तिथल्या समुपदेशक नूतनताई म्हणाल्या, "भाऊ, आता शपथ नको. तलफ वावटळीसारखी येते, डोळ्यांत धूळ घालते आणि निघून जाते. ती जाईपर्यंत थांबायचं. फक्त एकट्यानं थांबायचं नाही."

दवाखान्यातून घरी आल्यावर एप्रिलच्या एका दुपारी ती वावटळ आली. प्रवासी उतरवून आम्ही परत येत होतो आणि माझं हँडल गुत्त्याकडे वळू लागलं. तेवढ्यात सुपडूभाऊंनी ब्रेक दाबला. मला निंबाखाली घेऊन इंजिन बंद केलं आणि फोन लावला. "भाईदास, वावटळ उठनी."

"थांब तठेच. बोलत ऱ्हाय."

ते बोलत राहिले. क्लचच्या वायरबद्दल, उन्हाबद्दल, काहीबाही. हँडल त्यांच्या घामानं ओलं झालं होतं. हळूहळू त्यांची मूठ सैल झाली. पाणी पिऊन त्यांनी मला घराकडे वळवलं. मित्रांनो, मी आयुष्यभर धावले; पण माझं सगळ्यात मोठं काम मी जागेवर उभी राहून केलं.

मधे एकदा त्यांचा पाय पुन्हा दारूकडे घसरला. ते पुन्हा नूतनताईंकडे गेले. भूमिका मोकळेपणानं बोलू लागायलाही बरेच महिने लागले. मग नूतनताईंच्या मदतीनं सुपडूभाऊंनी वाचनालयाच्या खोलीत रविवारचा गट सुरू केला. तिथे प्रार्थना नाही, शपथ नाही. तलफ कधी आली आणि तेव्हा काय केलं, ते एकमेकांना सांगायचं.

एका रविवारी सुपडूभाऊंनी गटासाठी वरणगावहून पहिल्यांदाच आलेल्या ममताताईंना बसस्टँडवरून माझ्यातून आणलं. वाचनालयाच्या दारात पोहोचल्यावर त्या उतरेनात. पदरानं तोंड झाकून म्हणाल्या, "आत सगळे पुरुष आहेत. बाई पिते म्हटल्यावर काय म्हणतील?"

"उतरू नका ताई. बसा इथंच," म्हणून सुपडूभाऊ आत गेले.

थोड्याच वेळात सगळे बाहेर आले. प्रत्येकाच्या हातात खुर्ची होती. माझ्याभोवती खुर्च्या मांडून ते बसले. कोणी ममताताईंना काही विचारलं नाही. एकेकजण आपापला आठवडा सांगत गेला. शेवटी माझ्या मागच्या सीटवरून हळू आवाज आला, "मला रोज पहाटे येते."

झुलाल नावाचा दूध वाटणारा गटातला माणूस म्हणाला, "पहाटे मी जागाच असतो, ताई. फोन करत जा."

ममताताईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. त्या दिवशी मला जे वाटलं, ते नव्या कोऱ्या रंगानंही कधी वाटलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत कोणी असं असेल, तर हसू नका. देवाच्या वाटेनं जाणाऱ्याला त्या वाटेनं जाऊ द्या. ज्याला ती जमत नाही, त्याला दुसरी दाखवा. आणि कोणी दारापर्यंत येऊन उतरायला घाबरत असेल, तर आपापली खुर्ची उचलून तुम्हीच बाहेर या.